कन्नरदेवाच्या वाटेने

ती. आबांस, हदगाव

देवळी, जि. वर्धा

राष्ट्रकूटांचा शेवटचा बलाढ्य राजा तिसरा कृष्ण इ. स. ९३९ मध्ये मान्यखेटच्या गादीवर आला. त्याच्या राज्याच्या सुरुवातीच्या काळातला ताम्रपट देवळीत सापडला. हदगावहून यवतमाळमार्गे वर्ध्याला येणाऱ्या रस्त्यावरच हे गाव आहे. तोच रस्ता उलट्या बाजूला नांदेडवरून लातूरला जातो. राष्ट्रकूट स्वतःला ‘लट्टलूरपुरवराधीश्वर’ म्हणवीत आणि ते लट्टलूर म्हणजे लातूर, असे बहुतेक अभ्यासक मानतात. हदगावच्या वेशीवरून जाणाऱ्या या वाटेच्या एका अंगाला घराण्याचे मूळ गाव, दुसऱ्या अंगाला या राजाचा ताम्रपट.

ताम्रपट शके ८६२ चा, म्हणजे इ. स. ९४० चा. नागपूर-नंदिवर्धन भागातल्या एका गावाचे दान त्यात नोंदले आहे. नागपूर या नावाच्या अगदी जुन्या उल्लेखांत तो मोडतो. दानाचे पुण्य राजाने प्राणाहून प्रिय अशा भावाच्या, जगत्तुंगाच्या नावे केले. पराक्रमाच्या लांबलचक प्रशस्तीत एवढा मायेचा शब्द क्वचितच आढळतो. प्रशस्तीही पोकळ नाही: युवराज असतानाच कृष्णाने दक्षिणेत उतरून आपला मेहुणा बूतुग याला गंगांच्या गादीवर बसवले होते.

बंगळूर

या मेहुण्याने उपकार फेडले ते ९४९ मध्ये, तक्कोलमच्या रणात. चोळांचा युवराज राजादित्य हत्तीवरून लढत होता. बूतुगाने त्याला ठार केले आणि चोळांचे सैन्य मोडले. कृष्णाने बूतुगाला बनवासीसह मोठा मुलूख बक्षीस दिला.

ही हकीकत मंड्या जिल्ह्यातल्या आतकूरच्या, आता इथल्या संग्रहालयात असलेल्या शिळेवर कोरलेली आहे. शिळा मात्र उभारली आहे एका कुत्र्यासाठी. मनलेर नावाच्या वीराच्या शौर्यावर बूतुग खूश झाला, तेव्हा मनलेराने जमीन किंवा सोने न मागता ‘काळी’ नावाचे शिकारी कुत्रे मागितले. पुढे ते एका दांडग्या रानडुकरावर तुटून पडले आणि दोघेही मेले. शिळेच्या वरच्या भागात ती झुंज कोरली आहे. शिळेची पूजा केल्याशिवाय गोरवाने जेवू नये, अशी ताकीदही आहे; ‘गोरव’ म्हणजे पुजारी, आणि हा शब्द वाचताना गावाकडचा गुरव आठवतोच. साम्राज्याचे भवितव्य ठरवणारी लढाई आणि एका कुत्र्याचे मरण एकाच दगडावर आले, म्हणून हा लेख इतर सगळ्या प्रशस्त्यांपेक्षा जवळचा वाटतो.

मेलपाडी, तमिळनाडू

९५९ च्या मार्चमध्ये कृष्णाची छावणी इथे होती. जिंकलेला मुलूख सेवकांत वाटणे, मांडलिकांकडून खंडणी घेणे आणि काळप्रिय, गंडमार्तंड, कृष्णेश्वर ही देवळे बांधणे, अशी कामे चालू होती. कऱ्हाडच्या बाजूचे एक गाव गगनशिव या शैव तपस्व्याला दिल्याचा ताम्रपट इथूनच निघाला. या भागातले तमिळ लेख कृष्णाला कन्नरदेव म्हणतात आणि ‘कांची व तंजावर घेणारा’ असे बिरुद लावतात.

तिकडे मान्यखेटात त्याच वर्षी पुष्पदंताने अपभ्रंश भाषेत ‘महापुराण’ लिहायला घेतले आणि ९६५ मध्ये पुरे केले. कन्नड कवी पोन्नाला ‘उभयकविचक्रवर्ती’ ही पदवी मिळाली ती याच राजाकडून.

कंधार, जि. नांदेड

मन्याडकाठच्या कंधारचा भुईकोट किल्ला परंपरेने कृष्णाच्याच नावावर आहे. इथे सापडलेल्या शिलालेखात देवळे, सर्वांसाठी खुला मंडप आणि जगत्तुंगसमुद्र नावाचा तलाव यांचा उल्लेख येतो. लोक तलावाला आजही जगत्तुंगसागरच म्हणतात. देवळीच्या पटातला भाऊ असो वा त्या घराण्यातला दुसरा कोणी जगत्तुंग, नाव मात्र हजार वर्षे टिकले.

कृष्ण ९६७ मध्ये वारला. जिंकलेली ठाणी दूर, वाटलेला मुलूख वाटून गेलेला. धाकटा भाऊ खोट्टिग गादीवर असताना, ९७२ मध्ये, माळव्याच्या सीयकाने मान्यखेट लुटले आणि पुढच्याच वर्षी चालुक्य तैलपाने राज्य घेतले.

कंधारात क्षेत्रपालाच्या एका प्रचंड मूर्तीचे तुकडे आहेत. मोठ्या माणसाचे पाऊलही त्या दगडी पावलाशेजारी लहान मुलाचे दिसते.