नॉक नॉक!
आय.सी. इंजिन्सच्या ओरलला ‘नॉकिंग’ची पाठ केलेली व्याख्या मी घडाघडा म्हटली होती. अर्थ कळला तो क्वेबेकच्या मामेभावामुळे.

दादाने टर्बो स्नोमोबाईलचा ई.सी.यू. बाहेरून ट्यून करून बूस्ट वाढवला. ‘सही!’ असं मीच कळवलं. पेट्रोल मात्र जुनंच, कमी ऑक्टेनचं. उणे 20 अंशांची हवा आपल्या 30 अंशांच्या हवेपेक्षा सुमारे 20 टक्के दाट. त्यात हा जादा दाब! ज्योत पोचण्याआधीच उरलेलं मिश्रण आपोआप भडकत राहिलं. ॲल्युमिनियम 660 अंशांना वितळतं. पिस्टनला भोक पडलं, तेही भर जंगलात.

दादा बर्फातून तीन तास चालत आला. कंपनीने ठेवलेलं मार्जिन म्हणजे फुकटची पॉवर नव्हे, मित्रांनो! आता व्याख्येआधी मला ते तीन तास आठवतात.