जुन्या विमानाचे नवे पंख

मोडलेली वस्तु टाकून द्यावी, कीं दुरुस्त करून जवळ ठेवावी, हा प्रश्न प्रत्येक घरांत केव्हां ना केव्हां उद्भवतोच. घड्याळ, छत्री किंवा सायकल यांच्या बाबतींत त्याचें उत्तर बहुधा खिशाकडे पाहून दिलें जातें. परंतु जिची गरज केव्हांच संपली आहे आणि जिच्या दुरुस्तीपासून एका पैचाहि लाभ व्हावयाचा नाहीं, अशा वस्तूसाठीं वर्षानुवर्षें खपणारे लोक या जगांत आहेत, हें ऐकून पुष्कळांस नवल वाटेल. जुनीं लष्करी विमानें पुन्हां उभीं करणारे स्वयंसेवक हे त्यांपैकींच होत. त्यांच्या उद्योगाविषयीं येथें चार शब्द लिहिण्याचें योजिलें आहे.

माझें बालपण दापोडीस गेलें. मुळा व पवना यांच्या संगमाजवळचें हें गांव. येथें सैनिकी अभियांत्रिकी महाविद्यालय आहे, तशीच एस. टी.ची मध्यवर्ती कार्यशाळाहि आहे. माझे वडील त्या कार्यशाळेंत फिटर होते. १ जून १९४८ रोजीं पुण्याहून नगरला जी पहिली एस. टी. गेली, तिची बांधणी लांकडी होती, हें ते मोठ्या कौतुकानें सांगत. झिजलेली गाडी कार्यशाळेंत येई, तिचे पत्रे उतरत, सांगाडा उघडा पडे, आणि कांहीं दिवसांनीं तीच गाडी नवे पत्रे व नवा रंग लेवून बाहेर पडे. "पत्रा कोणीहि ठोकील, पण रिव्हेट कोठें सैल आहे हें बोटास कळलें पाहिजे," असें वडील उमेदवारांस सांगत. पुढें 'टायगर मॉथ' या विमानाची माहिती वाचतांना मला त्यांच्या या शब्दांची पदोपदीं आठवण झाली.

टायगर मॉथ हें शिकाऊ वैमानिकांचें विमान. इंग्लंडमधील डी हॅव्हिलंड कंपनीचें हें विमान २६ ऑक्टोबर १९३१ रोजीं प्रथम उडालें, आणि पुढें अशीं आठ हजारांहून अधिक विमानें तयार झालीं. एकावर एक असे दोन पंख, त्यांची लांबी २९ फूट ४ इंच, आणि एंजिन अवघें १३० अश्वशक्तीचें. त्यास ब्रेक नाहींत. पंखा हातानें फिरवून एंजिन सुरू करावें लागतें. आणि मागेंपुढें बसलेले गुरुशिष्य एका नळींतून एकमेकांशीं बोलतात. भारतीय वायुसेनेच्या कित्येक वैमानिकांनीं उड्डाणाचीं धुळाक्षरें याच विमानावर गिरविलीं. त्याची जागा पुढें ज्या एच. टी. २ या विमानानें घेतली, तें १९५१ सालीं प्रथम उडालें. त्याचे रचनाकार डॉ. विष्णु माधव घाटगे हे मराठी होते, याचा आपणांस अभिमान वाटावा.

आतां असें विमान पन्नास-साठ वर्षें कोपऱ्यांत पडून राहिलें, तर तें पुन्हां उभें कसें करावयाचें? प्रथम तें संपूर्ण सोडवितात, आणि लहानमोठ्या प्रत्येक भागास चिठ्ठी बांधून त्याची नोंद ठेवितात. धडाचा सांगाडा पोलादी नळ्यांचा; त्यांत आंतून गंज शिरला आहे कीं काय, तें पाहतात. पंखांचा सांगाडा स्प्रूस नांवाच्या हलक्या लांकडाचा. त्या काळीं लांकडी विमानांचे सांधे पुष्कळदां केसीनच्या, म्हणजे दुधापासून केलेल्या, सरसानें जोडीत. ओलाव्यानें तो कुजतो. म्हणून सांधा वरून कितीहि चांगला दिसला तरी तपासल्यावांचून सोडीत नाहींत. नंतर पंखांवर कापड चढवून तें मेण लावलेल्या दोऱ्यानें आंतल्या फासळ्यांशीं शिवतात, आणि त्यावर 'डोप' नांवाचा द्रव फांसतात. तो वाळला म्हणजे कापड आखडून मृदंगाच्या पुडीप्रमाणें ताठ होतें. शेवटीं पंखांमधील तारा योग्य तितक्याच ताणावयाच्या. हें काम कितीहि हौसेचें असलें, तरी जाणत्या अभियंत्यानें तपासून सही केल्यावांचून विमान आकाशांत जात नाहीं. प्रेम असलें म्हणून शिस्त सुटत नाहीं, हा मोठाच धडा होय.

लंडनजवळ सॅलिस्बरी हॉल येथें डी हॅव्हिलंड विमानांचें संग्रहालय आहे. तेथील पुष्कळसें काम स्वयंसेवकच करतात. वेतन नाहीं, कीं बढती नाहीं. कोणी विचारील, "निम्मे भाग नवे घातल्यावर तें विमान जुनें कसें राहिलें?" शंका रास्त आहे. पण आमच्या गाड्यांचे पत्रे बदलत आणि गाडी तीच राही. लांकूड बदलतें, कापड बदलतें. तें शिवण्याची रीत मात्र एका हातांतून दुसऱ्या हातांत जशीच्या तशी जाते. माझ्या मतें खरा जीर्णोद्धार होतो तो त्या रीतीचा.

आपल्या वायुसेनेचें एक टायगर मॉथ ८ ऑक्टोबर २०१२ रोजीं, वायुसेना-दिनीं, हिंडन येथें पुन्हां उडालें. ती वार्ता आनंदाची खरीच. परंतु त्याच्या दुरुस्तीचें काम इंग्लंडमधील कारागिरांकडून करवून घ्यावें लागलें होतें. आपल्या देशांत कुशल हातांची वाण आहे काय? दापोडींत वाढलेला मनुष्य तरी तसें म्हणणार नाहीं. उणीव असेल तर ती हातांची नसून जपणुकीच्या संवयीची आहे. विद्या जाणणारा निवृत्त होतो, त्याचीं हत्यारें माळ्यावर जातात, आणि त्याच्या बोटांस जें कळत होतें तें कोणीच लिहून ठेवीत नाहीं.

माझे वडील आज हयात नाहींत. मात्र त्यांच्या हाताखालीं शिकलेले तीन उमेदवार पुढें स्वतः फिटर झाले, आणि त्यांतील एकानें आपल्या हाताखालीं आणखी दोघांस तयार केलें. वडिलांची मिळकत म्हणून मी हीच मोजतों.

विद्यार्थिमित्रहो, आपणांपैकीं प्रत्येकाच्या वांट्यास विमान येईलच असें नाहीं. पण गल्लींत एखादा वृद्ध सुतार, शिंपी किंवा घड्याळजी असेल. सुटीच्या दिवशीं त्याच्याजवळ तासभर बसावें, आणि तो काय करतो तें पाहून आपल्या हातानें करून पाहावें. पालकांसहि एक विनंती आहे : मुलाचे हात काळे झाले, तर त्यास रागें भरूं नये. त्या काळ्या हातांतूनच एखादी विद्या पुढच्या पिढीकडे जात असेल.