पाचशे रुपयांचा फोन

सुरतेत दुचाकीवर फोनवर बोलण्याची एक खास पद्धत आहे. मान खांद्याकडे वाकवायची, फोन कान आणि खांद्यामध्ये दाबून धरायचा, दोन्ही हात हँडलवर ठेवायचे आणि निवांत बोलत राहायचं. सकाळी दहाच्या सुमारास सहारा दरवाजा ते उधना दरवाजा या रिंग रोडवर उभे राहिलात, तर अशा वाकड्या मानांची रांगच दिसेल. साड्यांचे भाव, अडकलेलं पार्सल, थकलेली उधारी, सगळा व्यवहार चालत्या गाडीवर. हेल्मेटची सक्ती झाल्यापासून पद्धत थोडी बदलली. आता फोन हेल्मेटच्या आत गालापाशी खोचलेला असतो. पोलिसाने अडवलं तर उत्तरही तयार: ‘साहेब, हातात कुठे आहे?’

माझी मुलगी गेल्या वर्षापासून याच रस्त्याने दिंडोलीहून मार्केटमध्ये नोकरीला जाते, म्हणून हा विषय मला रोजचा झाला आहे. या बाबतीत कायदा नेमका काय करतो, तेही मी नीट पाहून घेतलं.

कायदा आहे आणि कागदावर चांगला कडक आहे. मोटार वाहन कायद्यात २०१९ साली दुरुस्ती झाली, तेव्हा कलम १८४ मध्ये ‘धोकादायक वाहन चालवणे’ याच्या व्याख्येतच हातातल्या फोनचा वापर घातला गेला. पहिल्या वेळी एक ते पाच हजार रुपये दंड किंवा सहा महिने ते एक वर्ष कैद, किंवा दोन्ही. तीन वर्षांत पुन्हा सापडलात तर दहा हजारांचा दंड किंवा दोन वर्षांपर्यंत कैद. १ सप्टेंबर २०१९ पासून हे देशभर लागू होणार होतं. गुजरात सरकारने मात्र पंधरा दिवस थांबून १६ सप्टेंबरला आपले कमी केलेले दर लावले. फोनसाठी पहिल्यांदा पाचशे, दुसऱ्यांदा हजार. महाराष्ट्राने डिसेंबर २०२१ मध्ये दुचाकीला हजार, चारचाकीला दोन हजार आणि पुन्हा सापडल्यास दहा हजार असे दर ठरवले. म्हणजे सुट्टीत नवापूरमार्गे गावाकडे निघालात की हद्द ओलांडताच तोच फोन दुप्पट महाग होतो.

पण दंडाची रक्कम हे खरं दुखणं नाही, असं माझं मत आहे. हेल्मेटचंच बघा ना. त्याचा दंडही गुजरातने पाचशेच ठेवला होता. डिसेंबर २०१९ मध्ये तर सरकारने शहरी भागातली सक्ती काढूनच टाकली, मग न्यायालयात प्रकरण गेल्यावर माघार घेतली. एवढ्या धरसोडीनंतर हेल्मेट कोण घालणार, असं आम्ही सगळेच म्हणत होतो. पण फेब्रुवारी २०२५ पासून सुरत पोलिसांनी ते मनावर घेतलं आणि डोकी झाकलेली दिसू लागली. हेल्मेट नसलेलं डोकं चौकातल्या कॅमेऱ्याला लांबूनही दिसतं, ई-मेमो घरी येतो, वाद घालायला जागा नाही. फोनचं तसं नाही. पुढे खाकी दिसली की तो दोन सेकंदांत खिशात जातो आणि चौक ओलांडला की पुन्हा कानाला. ऑस्ट्रेलियातल्या न्यू साउथ वेल्स राज्याने २०१९ च्या शेवटी रस्त्यावर उंच कॅमेरे लावून काचेतून चालकाच्या हातांचे फोटो काढायला सुरुवात केली. गाडीत ते जमतं. हेल्मेटमधला फोन कुठला कॅमेरा टिपणार?

आणि मध्येच आपले सणही येतात. ऑक्टोबर २०२२ मध्ये तेव्हाचे गृहराज्यमंत्री आणि सुरतचेच आमदार हर्ष संघवी यांनी दिवाळीनिमित्त २१ ते २७ ऑक्टोबर वाहतुकीचा दंड घेणार नाही, अशी घोषणा केली होती. नियम मोडणाऱ्याला पोलीस फूल देतील, असंही ठरलं. हेतू गोड असेल, पण नियमालाही सुट्टी असते हे लोकांच्या मनात पक्कं बसलं ते बसलंच. उत्तरायणात पतंगाच्या दोऱ्याने गळा कापू नये म्हणून आपण गाडीला तारेची कमान लावतो, तिथे कुणाला दंडाची आठवण करून द्यावी लागत नाही. दोऱ्याची भीती वाटते, फोनची वाटत नाही. खरं तर सरकारी अहवालानुसार २०२१ या एकाच वर्षात देशात गाडी चालवताना फोन वापरल्यामुळे १,०४० माणसं गेली. शिवाय अपघातानंतर ‘मी फोनवर होतो’ असं आपणहून कोण लिहून देतो? त्यामुळे खरा आकडा याहून मोठाच असणार.

तुम्ही मुलं म्हणाल, आम्ही तर कानात ब्लूटूथ घालतो. कायद्याने ते हातात नाही, हे खरं. पण टोरांटोमध्ये ६९९ चालकांच्या फोनच्या नोंदी तपासून १९९७ साली एक अभ्यास प्रसिद्ध झाला. फोनवर असताना टक्कर होण्याचा धोका साधारण चौपट निघाला, आणि हात मोकळे ठेवणाऱ्या फोनने त्यात फरक पडल्याचं दिसलं नाही. कायदा हात पाहतो, लक्ष कुठे आहे ते त्याला दिसत नाही. ऑक्टोबर २०२० पासून रस्ता पाहण्यापुरता फोन वापरायला नियमानेच मुभा आहे, तीही लक्ष विचलित होणार नाही अशा बेताने. घरोघरी जेवण पोचवणारी आपली मुलं याच मुभेवर जगतात. पण त्याच स्क्रीनवर पुढची ऑर्डर येते, ग्राहकाचा फोन येतो, आणि तो बेत राहायचा कसा?

शिवाय प्रत्येक फोनला दुसरं टोक असतं, त्याला कायदा काही विचारत नाही. मुलीचे शेठ पावणेदहाला फोन करत. ती त्या वेळी उधन्याच्या पुलावर असते हे त्यांना ठाऊक होतं, तरी उचलला नाही तर दिवसभर तोंड वाकडं. शेवटी तिनेच सांगितलं, ‘शेठ, साडेनऊला निघण्याआधी मीच फोन करीन, काय सांगायचं ते तेव्हा सांगा.’ मला वाटलं, नोकरी गेली. पण शेठना ते सोयीचंच पडलं. आता दुकानातल्या बाकीच्यांनाही त्यांनी तीच वेळ दिली आहे.

घरची आघाडी अवघड आहे. आमची आई अठ्ठ्याहत्तर वर्षांची, अमळनेरहून सुरतेला येऊन पन्नास वर्षं झाली. नात निघाली की पाचव्या मिनिटाला फोन: ‘कुठपर्यंत पोहोचलीस?’ नात उचलत नाही. मग आईचा जीव टांगणीला. ‘फोन कशासाठी घेऊन दिला मग?’ हा तिचा प्रश्न, आणि तिच्या बाजूने तो बरोबरच आहे. हल्ली नात गाडी लावली की लगेच दोन रिंग देते. आई साडेनऊला खुर्ची घड्याळासमोर ओढून बसते आणि पस्तीस मिनिटं कशीबशी काढते. चाळिसाव्या मिनिटाला मला फोन करते. मी तेव्हा पांडेसऱ्यात मिलमध्ये खुर्चीवर असतो, त्यामुळे उचलतो.