लक्ष्मीबाईंचे दागिने

घोडेगाव सोडून डिंभ्याचे धरण मागे टाकले की भीमाशंकरच्या वाटेवर तळेघर लागते. भाताची खाचरे, हिरड्याची झाडे आणि डोंगरभर विखुरलेल्या महादेव कोळी आदिवासींच्या वाड्या. आषाढ-श्रावणातला पाऊस घराबाहेर पाऊल टाकू देत नाही. अशा मुलखात नुसती शाळा बांधून भागत नाही; मुलांच्या राहण्या-जेवणाची सोय आधी लागते.

साताऱ्यात शंभर वर्षांपूर्वी ती सोय एका बाईच्या अंगावरच्या सोन्यातून झाली.

लक्ष्मीबाई कुंभोजच्या, खात्यापित्या जैन घरातल्या. लग्नात अंगावर भरपूर सोने चढलेले. पती भाऊराव पाटील यांनी १९१९ साली कराडजवळच्या काले गावी रयत शिक्षण संस्था काढली, १९२४ मध्ये साताऱ्यात सर्व जातींच्या मुलांसाठी वसतिगृह सुरू केले, आणि एकेक दागिना मोडीत निघू लागला. पाटल्या गेल्या की जोंधळ्याची पोती यायची. सोवळ्याओवळ्यात वाढलेल्या या बाईने महार, मांग, मराठा, मुसलमान अशा सगळ्यांच्या मुलांना एका पंगतीत वाढले. १९२७ मध्ये महात्मा गांधी हे वसतिगृह पाहून गेले.

एकदा भाऊराव परगावी होते आणि कोठीत दाणा नव्हता. विकण्यासारखे एकच उरले होते. लक्ष्मीबाईंनी गळ्यातले मंगळसूत्र काढून दिले, धान्य आले, मुले जेवली. त्या काळात सवाष्णीने गळा मोकळा करणे म्हणजे काय, हे मराठी घरात वाढलेल्या कुणालाही सांगावे लागत नाही.

१९३० साली त्या गेल्या. १९४० मध्ये साताऱ्यात उभे राहिलेले महाराजा सयाजीराव हायस्कूल त्यांनी पाहिले नाही. पुढे भाऊराव कर्मवीर झाले, १९५९ मध्ये पद्मभूषण झाले. लक्ष्मीबाई मात्र भाषणातल्या एका हृद्य प्रसंगापुरत्या उरल्या. हे बरोबर नाही. ज्या सोन्यावर पंगत चालली ते त्यांचे होते. संस्थापकांच्या यादीत त्यांचे नाव पहिल्या ओळीत हवे.

आज तळेघर परिसरातल्या मुलांच्या वसतिगृहाचा कारभार घोडेगावच्या आदिवासी विकास प्रकल्प कार्यालयाकडे असतो. २०१८ मध्ये सरकारने आदिवासी वसतिगृहांतल्या खाणावळी बंद करून जेवणाचे पैसे मुलांच्या बँक खात्यात टाकायचे ठरवले. त्याविरुद्ध विद्यार्थी जुलैच्या पावसात पुण्याहून नाशिकच्या दिशेने पायी निघाले. पैसे नकोत, पूर्वीसारखे शिजवलेले अन्न द्या, एवढेच त्यांचे म्हणणे होते. ते रास्तच होते.