शंभर टक्के

परवा भाच्याच्या शाळेबाहेर फ्लेक्स पाहिला, 'दहावीचा निकाल १०० टक्के!' आणि आईची शाळा आठवली.

आई नववी-दहावीला गणित शिकवायची. निकाल वाढवायचा शाळेचा सोपा उपाय ठरलेला होता: कच्च्या मुलांना नववीतच नापास करायचं, नाहीतर १७ नंबरचा फॉर्म भरायला लावायचा. मूल बाहेरून बसलं की शाळेच्या टक्केवारीत धरलं जात नाही!

आईचा उपाय म्हणजे जूनपासून सकाळी सातचा जादा तास. एका वर्षी तिने हट्टाने अशी सात मुलं शाळेतूनच बसवली. पाच पास झाली. निकाल घसरला, मुख्याध्यापक महिनाभर तिच्याशी बोलले नाहीत.

ते पाचजण अजून दिवाळीला घरी येतात. आई मात्र उरलेल्या दोघांचीच चौकशी करते. असो.