चौकट धरणारा

आमच्या घरी झोपाळ्यास हिंचका म्हणण्याची रीत. चार पिढ्या बडोद्यात काढल्यावर शेजारच्या गुजरातीतील ‘हिंचको’ थोडे रूप पालटून आमच्या बोलीत येऊन बसला, यात नवल नाही. दांडिया बाजारातील वाड्यात संखेड्याहून आणलेला हिंचका होता. खराद्यांनी कातलेले सागवान, त्यावर लाखेचा तांबडा रंग व सोनेरी नक्षी, तुळईला टांगलेल्या पितळी कड्या. २००९ साली वाडा विकला. दादाच्या सदनिकेत जागा नव्हती, आमच्या सदनिकेत तुळई नव्हती. हिंचका जुन्या बाजारात गेला. ‘तू ठेवायचा होतास’, असे दोघांनीही एकमेकांस म्हटले आणि बोलणे तेथेच थांबले. आई सहा-सहा महिने दोघांकडे राहते. तिची ने-आण मुलेच करीत.

गेल्या दिवाळीनंतर आमच्या गच्चीत खुर्चीवर बसलेली आई पायाने जमिनीला हलकेच रेटा देत होती. खुर्ची कशी हलणार! त्याच रात्री आम्ही मोबाइलवरून लोखंडी चौकटीचा, उन्हापावसात टिकणारा हिंचका मागविला.

पाचव्या दिवशी पुठ्ठ्याचे दोन खोके आले. आत नळ्या, बोल्ट, वायसर आणि काटकोनात वाकविलेली षट्कोनी किल्ली. सोबतच्या कागदावर अक्षर असे नव्हतेच, नुसती चित्रे. पहिल्याच चित्रात एकटा माणूस, त्यावर फुली. शेजारी दोन माणसे, हसतमुख. आम्ही पान उलटले.

दोन तास झटलो. तीन बोल्ट घट्ट आवळावेत, तर चौथ्याचे छिद्र अर्धे बोट दूर. शेवटी आईच म्हणाली, “अरे, एकेक आवळत बसू नकोस. आधी सगळे हाताने ढिलेच बसव, चौकट सरळ कर, मग समोरासमोरचे आवळ. मामंजी असेच सांगत.” सयाजीराव महाराजांनी १८९० मध्ये स्थापिलेल्या कलाभवनात आजोबा सुतारकाम शिकले, हे आम्हांस ठाऊक होते. आईने ते त्यांच्याकडून उचलले होते, हे ठाऊक नव्हते. “आणि चौकट धरायला दादाला बोलाव,” ती म्हणाली.

फोनवर आम्ही एवढेच बोललो, “दादा, चौकट धरायला माणूस हवा आहे.” अर्ध्या तासात तो आला, खिशात स्वतःचा पाना घेऊन. वाड्याचा विषय निघाला नाही. साखळ्या अडकविताना मात्र तो म्हणाला, “पितळी नाहीत.”

“नाहीत,” आम्ही म्हणालो.

सारे आवळून झाल्यावर एक वायसर उरला. कागदात त्याची जागा सापडेना. झोके घेऊन बोल्ट सैल होतात, ते अधूनमधून आवळावे लागतात, असे दादाचे म्हणणे. आणि ते खरे आहे. म्हणून महिन्याचा पहिला रविवार त्यासाठी ठरला आहे. तो येतो, पाना फिरवितो, चहा घेतो. आई हिंचक्यावर असेल तर तिला उठवीत नाही. ती उठेपर्यंत शेजारी बसतो. वायसर आम्ही खिडकीत जपून ठेवला आहे.