रोमन भिंत आणि एक कबर

आम्ही न्यूकॅसलला भिंत पाहायला गेलो नव्हतो. भाईजानच्या कबरीवर फातिहा पढायला गेलो होतो. २०२० साली कोरोनात ते तिकडे वारले तेव्हा विमानं बंद होती. रत्नागिरीतल्या घरातच आम्ही गायबाना जनाज्याची नमाज पढलो. अम्मीला घेऊन तिथे पोहोचायला आणखी चार वर्षं गेली. कबरीवर अजून दगड नव्हता. दगडावर काय लिहायचं यावरच घरात अडलं होतं. मुलांना इंग्रजी पुरेसं वाटत होतं. अम्मी काही बोलत नव्हती.

दुसऱ्या दिवशी पुतण्यानं गाडी काढली. "इथवर आलात तर हेड्रियनची भिंत पाहूनच जा," म्हणाला.

इ.स. १२२ मध्ये रोमन बादशहा हेड्रियन ब्रिटनमध्ये आला त्या सुमारास ही भिंत सुरू झाली. पूर्वेला टाइन नदीपासून पश्चिमेला सोल्वेच्या खाडीपर्यंत ११७ किलोमीटर. ती इंग्लंड-स्कॉटलंडची सरहद्द आहे असा आमचा समज होता, वर्गातही बहुधा तसंच सांगितलं असेल. प्रत्यक्षात ती सगळी इंग्लंडमध्येच आहे. दर रोमन मैलाला एक छोटी गढी, दोन गढ्यांमध्ये दोन बुरूज. बहुतेक गढ्यांना उत्तरेकडे दरवाजा होता. म्हणजे वाट बंद नव्हती, पण कोण येतो, काय नेतो, यावर पहारा होता. कोकणातले किल्ले पाहिलेल्या डोळ्यांना आज ती ठेंगणी वाटते. तिचे दगड लोकांनी घरांना, चर्चला नेले, अठराव्या शतकात तर लष्करी रस्त्यासाठी लांबच लांब भाग पाडला. हाउसस्टेड्सच्या ठाण्यावर वारा इतका, की अम्मी गाडीतच बसून राहिली.

तिचं मन रमलं ते साउथ शील्ड्सला. टाइनच्या मुखाशी रोमनांचं ठाणं होतं, भिंतीवरच्या फौजेची रसद तिथून जाई. पुढच्या काळात तिथे दजला नदीवरचे नावाडी तैनात होते. कुठे दजला, कुठे हा थंड समुद्र! (याच गावात पुढे येमेनी खलाशी वसले. त्यांच्या मशिदीत १९७७ साली मुहम्मद अली आपल्या निकाहसाठी दुआ घ्यायला आले होते.)

तिथल्या संग्रहालयात एका बाईच्या कबरीचा दगड आहे. बाई खुर्चीत बसलेली, हातात सूतकताईची चाती, पायाशी लोकरीची टोपली. चेहरा मात्र फुटून गेलाय. तिचं नाव रेजिना, ब्रिटनचीच मुलगी. आधी बाराटेसची गुलाम, त्यानं तिला आझाद करून बायको केली. तिसाव्या वर्षी ती गेली. बाराटेस शामचा, पाल्मिराचा, ज्याला अरब तदमुर म्हणतात. वरच्या लॅटिन मजकुरात व्याकरणाच्या चुका आहेत. खाली त्याच्या मायबोलीत एकच ओळ आहे, आणि ती सफाईनं कोरलेली. रेजिना, बाराटेसनं आझाद केलेली, हाय!

"ही ओळ उजवीकडून वाचतात," आम्ही अम्मीला सांगितलं.

"आपल्यासारखी?"

"हो. अरबीच्याच कुळातली जबान."

अम्मी काचेजवळ सरकली. "इथे ती वाचणारं कोण होतं?"

पुतण्या म्हणाला, "फारसं कुणी नसेल, दादी."

"तरी त्यानं लिहिली," अम्मी म्हणाली, आणि पुढच्या दालनात न येता तिथल्याच बाकावर बसून राहिली.

रात्री जेवणानंतर तिनं भाभीकडे कागद मागितला. अम्मीची शाळा उर्दू चौथीपर्यंतच. थरथरत्या हातानं तिनं भाईजानचं नाव लिहिलं, खाली गावाचं नाव आणि मगफिरतची दुआ. भाभीनं कागद घेतला, काही न बोलता मुलांसमोर ठेवला. थोरल्यानं विचारलं, "इंग्रजी वर, हे खाली, चालेल ना?" अम्मीनं मान हलवली.

निघायच्या आदल्या दिवशी आम्ही तो मजकूर जाड पेननं मोठ्या अक्षरात पुन्हा लिहून दिला, एकेक नुक्ता ठळक करून. तिथल्या कारागिराला उर्दू वाचता येणार नव्हती.